निळ्या पट्टीवरचा अंगठा

घिवलीचा शांताराम काय काम करतो, हे त्याच्या गावकऱ्यांना कधी धड कळलं नाही. बोईसरच्या औद्योगिक वसाहतीत एक लहानसा कारखाना होता. तिथे सगळे धातूला रंग चढवायचे आणि हा एकटा रंग उतरवायचा. चुकलेला, फिका आलेला, डाग पडलेला माल त्याच्याकडे यायचा आणि कोरा होऊन परत जायचा. एवढ्या एका गोष्टीचा त्याला गर्व होता. बाकी माणूस नाकासमोर चालणारा. सकाळी सायकलवर निघायचं, संध्याकाळी येऊन वाडीतल्या माडांना पाणी लावायचं, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

त्याचा धाकटा भाऊ पुंडलिक त्याच कारखान्यात रंग चढवायला होता. एकाच टेबलाच्या दोन टोकांना दोघे भाऊ. शांताराम तुकडा कोरा करून पुढे सरकवायचा आणि पुंडलिक तो तारेला बांधून टाकीत सोडायचा, वीज चालू करायचा. सोडण्याआधी "दादा, करू चालू?" असं दर खेपेला विचारायचा. शांताराम नाही म्हणणार नाही हे दोघांनाही ठाऊक होतं, तरी विचारायचा.

बहुतेक माल अॅल्युमिनियमचा असे. पण मुंबईचा एक हौशी गिऱ्हाईक टायटॅनियमचे तुकडे घेऊन यायचा. त्याच्याकडे हातभर लांबीच्या, लांबूनच रिमोटवर पळणाऱ्या मोटारी होत्या, आणि असेच आणखी हौशी जमवून तो त्यांच्या शर्यती लावायचा. मोटारीच्या पोटाखालची पट्टी, चाकांच्या दांड्या, इवलेसे स्क्रू, सगळं त्याला मोरपंखी हवं असायचं. चाळिशी उलटलेला बाप्या खेळण्याला रंग लावायला बोईसरपर्यंत येतो, हे ऐकून शांतारामची आई साखरबाई पदर तोंडाला लावून हसायची. पुंडलिकला मात्र त्या कामाचं वेड लागलं होतं. टायटॅनियमवर रंग लावावाच लागत नाही. वीज सोडली की दुधावर साय धरावी तसा त्याच्यावर पापुद्रा धरतो आणि पापुद्र्याच्या जाडीप्रमाणे तो सोनेरी, जांभळा, निळा दिसतो. फक्त कोऱ्या धातूला उघडं बोट लागता कामा नये. बोटाचं तेल राहतं आणि तेवढ्या जागी रंग बिघडून ठसा उमटतो. म्हणून पुंडलिक कोपरापर्यंत रबरी हातमोजे चढवायचा. चहा प्यायलासुद्धा ते काढायचा नाही, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणत.

शहाऐंशी साली नारळी पौर्णिमा होऊन बोटी पुन्हा समुद्रात जाऊ लागल्या, तेव्हाच्या एका रविवारी पुंडलिक मित्राच्या होडीतून सहज म्हणून गेला. खाडीच्या तोंडाशी होडी उलटली. तिघे पोहत आले, पुंडलिक आला नाही. डहाणूपर्यंतचा किनारा लोकांनी पालथा घातला. साधी चप्पलही हाती लागली नाही.

तेव्हापासून ते घर घरासारखं राहिलं नाही. साखरबाईला दिवेलागणीला विहिरीवर कुणीतरी पाय धुतल्याचा आवाज यायचा. ती ताट वाढून ओट्यावर ठेवायची आणि सकाळी ते कावळ्याकुत्र्यांनी उष्टावलेलं दिसलं की समाधानाने उचलायची. पुंडलिकची बायको दमयंती कुंकू लावायची, हातात बांगड्या घालायची. लोक कुजबुजायचे, ती ऐकून घ्यायची. आणि शांतारामला कारखान्यात, टेबलाच्या त्या टोकाला दुसरा माणूस उभा असताना, वीज चालू व्हायच्या आधी हाक ऐकू यायची. "दादा, करू चालू?" भर दुपारी, पंख्यांच्या आणि पंपांच्या आवाजातही यायची. हे त्याने कुणाला सांगितलं नाही. आईला भास होतात म्हणून तो तिची समजूत घालत होता, मग स्वतःचं कुठल्या तोंडाने सांगणार?

"त्याला आग नाय मिळाली," साखरबाई म्हणायची. "म्हणून तो दारात येतो न् दारातूनच परत जातो."

ज्याचं प्रेत मिळत नाही त्याचा दर्भाचा पुतळा करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि त्याला आग देतात. भटजी तयार होते. पण त्यांच्या वाडीत जुन्या बायकांची एक रीत होती. पुतळ्यात त्या माणसाच्या अंगाचं काहीतरी घालायचं, केस नाहीतर नख. नाहीतर आग नुसत्या गवताला लागते, असं त्या म्हणायच्या. घरात पुंडलिकचं तसलं काहीच उरलं नव्हतं. कपडे धुऊन झाले होते, कंगवा झाडून झाला होता. आणि दमयंतीचं एकच म्हणणं होतं.

"त्यांचं काय तरी माझ्या हातात द्या. मग मी कुंकू पुसते. गवताच्या बाहुलीसाठी नाय पुसणार."

तिच्यापुढे कुणाची मात्रा चालत नव्हती. तीन वर्षं अशीच गेली. साखरबाई जेवेनाशी झाली. आपण मेलो तर पोरगा दारातच राहील, एवढाच धोसरा तिने घेतला होता. भावाला आग मिळाली नाही तर आईही अशीच जाणार, हे शांतारामला दिसत होतं आणि त्याच्याने काही होत नव्हतं.

आणि एके दिवशी मुंबईचा तो गिऱ्हाईक जुने तुकडे पिशवीत भरून घेऊन आला. शर्यतींत घासून निळा रंग ठिकठिकाणी उडाला होता. त्याला आता सगळं सोनेरी हवं होतं. कारखान्याच्या शेठने पिशवी शांतारामच्या टेबलावर ठेवली.

ते पुंडलिकने रंगवलेले शेवटचे तुकडे होते.

टायटॅनियमचा पापुद्रा काढायचं अॅसिड फार वाईट. काचेच्या भांड्यात ठेवलं तर काच खातं, कातडीवर पडलं तर आधी काही जाणवत नाही आणि मग आत हाडापर्यंत जातं. शांताराम ते प्लॅस्टिकच्या डब्यात घेऊन एकेक तुकडा बुडवू लागला. रंग चढताना जसे चढले होते तसेच उलटे उतरत होते. निळ्याचा जांभळा झाला, जांभळ्याचा तपकिरी सोनेरी, मग राखाडी, कोरा. भावाच्या हातचं काम तो आपल्याच हाताने पुसत होता. तरी तो थांबला नाही, कारण काम ते काम.

शेवटी पोटाखालची पट्टी राहिली. तिची बाहेरची बाजू पार खरडली होती. त्याने ती उलटी केली. मोटारीच्या आत दडलेली ती बाजू जशीच्या तशी गडद निळी होती आणि मधोमध एक अंगठा उमटला होता. जांभळट, रेघ न् रेघ स्पष्ट.

शांताराम खाली बसला. "दादा," असं कानाशी आलं, आणि पुढचे शब्द आले नाहीत.

त्या दिवशी तो आयुष्यात पहिल्यांदा शेठशी खोटं बोलला. पट्टी अॅसिडने जास्त खाल्ली, फेकावी लागली, म्हणाला. शेठने त्याची यथेच्छ खरडपट्टी काढली. पट्टी त्याच्या खिशात होती.

घरी त्याने ती आईच्या हातात दिली. साखरबाईला नीट दिसत नव्हतं, तिने नुसतंच बोट फिरवलं आणि ती रडायला लागली. दमयंती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती.

"दमू, त्याच्या अंगठ्याचं तेल हाय ह्यात," शांताराम तिला म्हणाला. "अंगाचंच हाय. आता नको आडवी येऊस."

तिने पदराला हात पुसले. मग म्हणाली, "भटजींना सांगा."

अमावास्येला सकाळी अंगणात पुतळा बांधला. भाऊबंद जमले. साखरबाईला धरून ओट्यावर बसवली होती. आग किनाऱ्यावर द्यायची होती आणि आग देताना बायका तिथे जात नाहीत, म्हणून पट्टी दमयंतीने इथेच पुतळ्यात ठेवायची असं ठरलं. शांतारामने ती तिच्या ओंजळीत घातली. तिने ती पहिल्यांदाच उजेडात धरून पाहिली. मग तिने मान वर करून शांतारामकडे पाहिलं.

"दादा," ती इतक्या हळू बोलली की त्याच्याशिवाय कुणाला ऐकू गेलं नाही. "त्यांचा उजवा अंगठा कोयतीने कापलेला व्हता. डावा पण. नारळ सोलताना, ल्हानपणी. दोन्ही अंगठ्यांवर आडवा वण व्हता. हा तर सबंद हाय."

शांतारामने नकळत आपला अंगठा पट्टीवर धरला. तो नेमका बसला.

तुकडे कोरे करून पुढे कोण सरकवत होतं? तोच. पट्टी रंगवली त्या दिवशी त्याचा स्वतःचा हातमोजा फाटला असेल आणि त्याने ती उघड्या हाताने पुसून दिली असेल, दिलीच असणार. आणि पुंडलिक? त्याचे हातमोजे कधी निघत नसत, हे तर सगळा कारखाना जाणत होता. एवढी साधी गोष्ट त्याच्या डोक्यात आली नव्हती. कोयतीने कापलेल्या त्या हातांना हळद चेपणारा शांतारामच होता. तेही तो विसरला होता.

"ठेव गो बाय," ओट्यावरून साखरबाई म्हणाली. "ठेव. वाट बघतोय तो."

शांतारामला वाटलं, ही आता पट्टी फेकून देणार. दमयंतीने सासूकडे पाहिलं. मग खाली बसून दर्भाच्या छातीत ती पट्टी खोल सारली आणि वरून गवत नीट केलं.

किनाऱ्यावर शांतारामने आग दिली. गवत ते, भराभर जळलं. त्या जाळात त्याचाच अंगठा होता आणि भाऊबंद त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणत होते, बरं झालं, सुटला. त्याला ओरडून सांगावंसं वाटत होतं की ह्या आगीत पुंडलिक नाहीच. तो काठीने जळतं गवत सारखं करत राहिला. राख थंड झाल्यावर त्याने पट्टी शोधून काढली. ती करडी पडली होती. ठसा नव्हता, निळा नव्हता, काही नव्हतं. ती त्याने समुद्रात टाकली.

साखरबाई त्या संध्याकाळी पेज प्यायली आणि भिंतीला टेकून झोपली. शांताराम विहिरीकडे गेला तेव्हा दमयंती तिथे भांडी घासत होती. कपाळ कोरं होतं.

"तू का ठेवलीस?" त्याने विचारलं. "तुला कळलं व्हतं तर."

"सासूबाई जगतील म्हणून." ती घासत राहिली. "न् तुमी इसरलात म्हणून. मला वाटायचं, लोक काय बी म्हणोत, घरात आपण तिघं त्यांना धरून हाव. आज कळलं, मी एकटीच व्हते. एकटीने किती धरू?"

शांतारामने विहिरीत पोहरा सोडला.

"चेहरा तरी आठवतो का, दादा?" तिने विचारलं. रागाने नव्हे, खरंच जाणून घ्यायचं होतं तिला.

त्याने डोळे मिटून आठवून पाहिलं. आवाज आला, टेबलाचं ते टोक आलं, टाकी आली. मग दोन हात आले, कोपरापर्यंत रबराने झाकलेले. त्या हातांच्या वर चेहरा काही येईना.