खाली नाव कुणाचं?

तुम्ही ज्यांना फॉलो करता, त्यांतल्या किती जणांनी आपल्या शब्दांखाली स्वतःचं नाव लिहिलंय?

काल आई नव्या फोनवर कुणाला फॉलो करायचं ते ठरवत होती. तिनं उभं आयुष्य कामगार संघटनेची पत्रकं वाटली. पण तळाशी ते काढणाऱ्याचं नाव नसलेलं पत्रक कधी हातात धरलं नाही. मी माझ्या आवडत्या खात्यावरची एक जळजळीत पोस्ट तिला दाखवली.

“खाली नाव कुणाचं?”

“नाव नाही देत तो. पण हजारो लोक वाचतात गं.”

“वाचू देत. मार खायची वेळ आली की तुझा हा सापडायचा नाही.”

मग तिनं आमच्याच तालुक्यातल्या एका अंगणवाडीताईंना शोधलं. मुलांच्या खाऊत निघालेल्या अळ्यांचा फोटो ताईंनी स्वतःच्या नावानिशी टाकला होता. त्यापायी त्यांना सरकारी नोटीस आली होती, आणि त्यांना फॉलो करणारी माणसं होती जेमतेम चाळीस.

“आता एक्केचाळीस,” फॉलोचं बटण बोटानं दाबत आई म्हणाली.

तिच्या त्या बोटाचा मला अभिमान वाटला. मी आजवर आवाज ऐकून मागे जात होते; ती माणूस बघून मागे उभी राहिली. बेचाळिसावी मी झाले.

आज तुमची यादी उघडा, आणि नावानिशी लिहून एकट्या पडलेल्या एका तरी माणसाच्या मागे उभे राहा.