भाजीवाल्याची हाक

"कोवळी मेथी, ताजा दुधी!"

बऱ्याच दिवसांनी ती ओळखीची हाक ऐकू आली आणि मी हातातलं काम टाकून गॅलरीत धावले. "दादा, थांबा हं! होतात कुठे इतके दिवस?"

गाडीपाशी भाजीवाले दादा नव्हते. त्यांची बायको एकटीच गाडी ढकलत होती. हाक येत होती ती दांडीला बांधलेल्या भोंग्यातून. दादांनीच ती कधीतरी त्यात भरून ठेवली होती. मी खाली गेले.

"दादा बरे आहेत ना?"

"ते गेले, ताई. कावीळ झाली होती." तिने मेथीची जुडी माझ्यापुढे धरली. भोंग्यातून दादा म्हणत होते, "या ताई, लवकर या, संपत आली!"

बाजार म्हणजे माल आणि भाव, असं आपण धरून चालतो. पण मॉलमधली धुतलेली, गार भाजी सोडून मी इतकी वर्षं जिना उतरत होते, तो या हाकेसाठी. माणूस गेला तरी त्याची हाक गिऱ्हाईक गोळा करत होती, आणि आम्ही सगळ्या नेहमीसारख्या पिशव्या घेऊन खाली आलो होतो.

"तुम्हाला ऐकवतं हे?" मला राहवलं नाही.

"मी स्वतः ओरडून बघितलं, ताई. कोणी खाली येईना." ती भाजीवर पाणी शिंपडत राहिली. "फक्त आमच्या गल्लीत शिरायच्या आधी बंद करते. नाहीतर धाकटी दार उघडायला धावते."