पायरीवर बसलेले गजाभाऊ

अवजड यंत्र हलवायला आले की गजाभाऊ आधी त्या यंत्राच्या मालकाला तिथून हाकलत. मगच साखळी तपासायला बसत.

मुलांनो, तुम्ही त्यांना काम करताना पाहिलेलं नाही. आपल्याकडे उतारावर घरं, उतारावर वाड्या, त्यांतून पायऱ्यापायऱ्यांच्या अरुंद पाखाड्या. जिथे क्रेन पोचत नाही तिथे बॉयलर, मोटारी, लोखंडी टाक्या गजाभाऊंची टोळी चेनपुली, पहारी आणि लोखंडी पाइपांवरून पोचवी. माणूस बारीक चणीचा आणि विलक्षण घाबरट. साखळीची कडी न् कडी ते तीनतीनदा बोटांनी चाचपत. टोळीतले हसत. गजाभाऊ म्हणत, "हसा! ज्यांची भीती मेली, त्यांच्या घरी मी भाकरी पोचवून आलोय."

आपल्या आंब्याच्या कारखान्याचा बॉयलर त्यांनीच उतरवला. ट्रक वर रस्त्यावर थांबला. शेड खाली, उताराच्या पायथ्याशी. तुमचे आजोबा छत्री घेऊन अगदी बॉयलरजवळ उभे.

"भाऊसाहेब, तुमी वयनींजवळ पायरीवर बसा."

"अहो, बॉयलर माझा आहे!"

"म्हनून तर. आपला माल कलला की मानसाचा हात आपोआप फुडं जातो. भाराला काय कळतंय, हात मालकाचा हाय ते?"

आजोबा पुटपुटत माझ्याशेजारी येऊन बसले. मला हसू आलं होतं. तेव्हा येत होतं.

बॉयलर मागून धरून ठेवणारी साखळी बांधायला हापूसचं डेरेदार कलम हाताशी होतं. गजाभाऊ ते सोडून लांबच्या, कोयीपासून वाढलेल्या रायवळ आंब्याकडे गेले. "कलमाला सोटमूळ नाय, वयनी. वरनं नुसतं भक्कम दिसतं."

त्या दिवशी टोळीतला एकजण तापाने पडला होता, म्हणून त्यांचा मुलगा संदेश आला होता. गजाभाऊ त्याला कधीच कामावर आणत नसत. "तू घरी जा," ते त्याला सारखे म्हणत होते.

"बाबा, माझं लगीन झालं. आता तरी मोठा म्हना!"

"राहू दे की, काका," शंकर म्हणाला. शंकर हा त्यांच्या हाताखालचा माणूस. "तुमी कायम भ्यायलेले."

बॉयलर फळ्यांवर टाकलेल्या पाइपांवरून सावकाश उतरत होता. गजाभाऊंचा एक हात वर. तो हात सांगेल तेवढीच साखळी सुटत होती. शेडपाशी आल्यावर फळीखालचा जांभा दगड अचानक चुरला. बॉयलर एका अंगाला बसला आणि संदेशचा पाय फळीखाली अडकला.

त्याची किंकाळी अजून माझ्या कानात आहे. सगळे एकदम ओरडू लागले. "ओढा!" "सोडा!" साखळी करकरत होती. बॉयलर आणखी जरासा घसरला असता, तर पोरगा सबंध खाली गेला असता. मी आजोबांचा दंड धरला.

गजाभाऊ पांढरेफटक पडले होते. त्यांचा वर केलेला हात थरथरत होता. त्यांनी त्या हाताकडे पाहिलं आणि तो खाली घेतला.

"शंकर, हात तू दाव. आता मालक मी हाय."

"काका, मी?"

"तूच. बाकी कुनी तोंड उघडायचं नाय."

ते चालत आले आणि आमच्या पायरीवर, बॉयलरकडे पाठ करून बसले. मागून पोरगा हाका मारत होता, "बाबा! बाबा!" बापाने मान वळवली नाही. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले होते.

"वयनी, तुमी बगा. मला सांगू नका."

मी पाहत राहिले. मला पाहायचं नव्हतं. शंकरने जॅक लावला, खाली दुसरी फळी सरकवली. त्याचा हात इंचाइंचाने वर होत होता. बॉयलर पुन्हा हलला असं वाटलं. मग टोळीतल्यांनी संदेशला काखेत धरून बाहेर ओढलं.

माझ्या तोंडून निघालंच, "सुटला हो!"

तरीही गजाभाऊ वळले नाहीत. "भार बसला?" एवढंच त्यांनी विचारलं. "बसला, काका!" शंकर ओरडला, तेव्हा ते उठले. आजोबांनी त्यांना धरून संदेशपाशी नेलं.

संदेशच्या पायाची बोटं गेली, पाय राहिला. आज तो पावस गावच्या रस्त्याला रिक्षा चालवतो.

दुसऱ्या दिवशी उरलेलं काम करायला टोळी आली. हात शंकरचाच होता. गजाभाऊ साखळी सोडायला उभे. कुणीतरी टोमणा मारला, "काय काका, घाबारलाव?"

"घाबारतो तर मी रोजच," ते म्हणाले. "रोज भाराला घाबारतो. काल पोरासाठी घाबारलो. त्या भीतीनं हात दावला आसता, तर पोर गेलं आसतं."

त्यानंतर त्यांनी कधीच पुढारपण घेतलं नाही. शेवटपर्यंत शंकरच्या हाताखाली राबले, त्याचा हात चुकला तर आधी "थांब!" म्हणत आणि शिव्या मागाहून घालत. गेल्या वर्षी ते झोपेतच गेले. मी भाकरी-पिठलं घेऊन त्यांच्या घरी गेले, तेव्हा दारात टोळीतले सगळे बसले होते. शंकर पुन्हापुन्हा आपला उजवा, इशारा करायचा हात पाहत होता.