पाणी उडते, मीठ उडत नाई

माझा मित्र वसंता जाऊन दीड महिना झाला, पण माझा राग काही उतरत नाही. त्या दिवशी आम्ही स्मशानघाटावरून वर्ध्याजवळच्या नालवाडीला, त्याच्या घरी परतलो, तर ओसरीत बसलेले त्याचे काकाजी म्हणाले, "घरातलं सारं पाणी फेका." रीतच आहे ती. रांजण, बादल्या रिकाम्या झाल्या. मग दोघांनी खिडकीतली काचेची टाकी उचलली आणि दगडांसकट अंगणातल्या मोगऱ्याच्या बुडाशी पालथी केली. वहिनी, वसंताची बायको, आत बायकांत होत्या. त्या टाकीत काय जगत होतं, हे बाहेर फक्त मला ठाऊक होतं... आणि मी मान खाली घालून बसलो. अशा दिवशी मोठ्यांना उलटून बोलू नये म्हणे. खड्ड्यात गेलं ते शहाणपण.

वसंता कॉलेजात प्रयोगशाळेचा सहायक. एकोणऐंशी साली मुलांच्या सहलीबरोबर रत्नागिरीला गेला आणि खडकावरचं मऊ, जिवंत पोवळं समुद्राच्या पाण्यासकट डब्यात घालून वर्ध्याला घेऊन आला. बटणाएवढी हिरवट तोंडं, उजेड आला की उघडायची. ब्लेडनं तुकडा कापून तो दोऱ्यानं नव्या दगडाला बांधायचा. महिन्याभरात तुकडा दगड धरायचा. समुद्राकडे जाईल त्याच्या गळ्यात हा खारं पाणी भरून आणायला कॅन अडकवायचा. लोक हसायचे. मीही हसलो, खोटं कशाला बोलू. मे महिन्यात कूलरचं तोंड टाकीकडे, आणि स्वतः घामानं निथळत बसलेला. वहिनी करवादायच्या, "दगडाले हवा, अन् माणसं भाजून राह्यले."

काचेवर त्यानं लाल रंगाची रेघ ओढली होती. पाणी रेघेखाली गेलं की साधं पाणी घालायचं. एकदा मी मीठ टाकायला निघालो, तर हात धरून म्हणाला, "अबे, पाणी उडते, मीठ उडत नाई. मी नसलो त तूच पाह्यजो." मी हो म्हणालो होतो.

परवा गेलो, तर वहिनी मोगऱ्यापाशी तांब्या घेऊन उभ्या. काड्या झाल्या होत्या त्याच्या. "भाऊजी, हा काऊन वाळला? रोज पाणी टाकून राह्यली."

"टाकीतलं मीठ हाय वहिनी मातीत. ते उडत नाई."

त्यांनी तांब्या खाली ठेवला. मागं खिडकीत रिकामी टाकी होती, लाल रेघ तशीच.

"तुमाले मालूम होतं," त्या म्हणाल्या, "मंग तवा काऊन नाई बोलले?"