तोंड उघडू नका

मार्चमधला दुसरा शनिवार. अकोला, गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांना ठेवतात त्या निरीक्षणगृहाची जेवणाची खोली. मुलांच्या हक्कांचं वार्षिक शिबिर. हजर: प्रमुख पाहुणे, म्हणजे अमरावतीचे नामांकित वकील, अधीक्षक, फोटोग्राफर, विधी स्वयंसेवक म्हणून मी, आणि शेवटी, सतरंजीवर, ज्यांच्यासाठी हे सगळं होतं ती मुलं.

शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन आणि पाहुण्यांचा परिचय यात निम्मा वेळ गेला. मुलांचे हक्क उरलेल्या वेळात उरकायचे होते. पाहुण्यांनी कलमांची रांग लावली, मुलं पंख्याकडे बघत बसली. मग त्यांनी टेबलावर हात आपटला. "गप्प राहण्याचा तुम्हाला अधिकार आहे! कोणी काहीही विचारो, तोंड उघडू नका. समजलं?"

"होऽऽ!"

त्या घरात 'समजलं?'ला एकच उत्तर असतं आणि ते सुरात द्यायचं असतं. पाहुणे खूश झाले. मी आखलेल्या प्रश्नोत्तरांचा वेळ चहात गेला.

मंगळवारी बाल न्याय मंडळासमोर पातूरकडचा सोळा वर्षांचा मुलगा उभा राहिला. मोटरसायकल चोरीचा आरोप होता आणि जामिनाचा निर्णय व्हायचा होता. आईबाप लांब वीटभट्टीवर, म्हणून त्याला न्यायला मोठी आई, म्हणजे थोरली काकू, आली होती. मंडळानं साधं विचारलं, सुटल्यावर कुठे राहशील? कोणाजवळ? मुलगा गप्प. त्याचा स्वतःचा वकील कानाशी लागला, तरी गप्प.

"अबे बोल ना! मोठ्या आईपाशी राहीन म्हन!" मोठी आई मागून ओरडली. तिलाच गप्प केलं गेलं. घरची चौकशी करा, असं सांगून मंडळानं पुढची तारीख दिली; तोवर मुलगा निरीक्षणगृहातच.

बाहेर मी त्याला विचारलं, "काहून बोलला नाही रे?"

"त्या मोठ्या वकील सायबानंच सांगतलं ना, कोनी काई इचारलं तं तोंड उघडाचं नाई. मले वाटलं, बोललो का फसलो."

"मंग तो सायेब येते का आता तुह्यासंगं आत रायाले?" मोठी आई म्हणाली.

मी पाहुण्यांना फोन केला. गुन्हा कबूल करायची सक्ती नाही, एवढंच मुलांना सांगायचं होतं. आपल्या वकिलाशीही बोलू नका, असं नाही, मी म्हटलं. ते म्हणाले, "मॅडम, हक्क सांगणं माझं काम. डोकं कुठून देऊ त्यांना?" मग शिबिराचे फोटो पाठवले. शाल छान दिसते.

त्या मुलाला मी नीट समजावलं. सतरंजीवरच्या बाकीच्यांना सांगायचं राहिलंय. अधीक्षक म्हणतात, या वर्षीचं शिबिर झालं.