धारेखालचा हात

कुलथे सर लाँचवर चढण्याआधी कोणालाही नमस्कार करीत नसत. इंजिन सुरू झाले की ते काठावरून वाकत आणि लाँचच्या अंगातून धुराबरोबर पाणी बाहेर फेकणाऱ्या नळीखाली उजवा तळहात धरीत. धार हाताला लागते आहे, कोमट आहे आणि अडखळत नाही, एवढी खात्री झाली की रुमालाने हात कोरडा करून ते वळत आणि सर्वांना नमस्कार करीत. मच्छीमार संस्थेच्या अध्यक्षांनाही असेच ताटकळावे लागे. सर शांतपणे म्हणत, "तुमची विचारपूस करतोच. आधी हिला पाणी मिळाले का, ते पाहू द्या."

नाशिकरोडला माझ्या माहेराच्या शेजारचे घर त्यांचे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत डिझेल मेकॅनिकचा अभ्यासक्रम शिकवून ते निवृत्त झाले होते. त्याआधी, तरुणपणी, काही वर्षे कोकणातल्या खाड्यांमधील लाँचवर त्यांनी काम केले होते. मी तेव्हा, नव्वदच्या दशकाच्या अखेरीस, जिल्ह्याच्या पश्चिम भागात एका धरणाकाठच्या माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवत होते. धरणाच्या फुगवट्यापलीकडे, म्हणजे अडवलेल्या पाण्याच्या दुसऱ्या काठाला, काही पाडे होते. तेथील मुली मच्छीमार संस्थेच्या लाँचमधून शाळेत येत. रस्त्याने यायचे तर सारा फुगवटा वळसा घालून यावे लागे, आणि त्या रानातल्या वाटेने मुलींना एकटे पाठवायला कोणी तयार नसे.

त्या वर्षी दिवाळीची सुटी संपली आणि लाँच आजारी पडली. भर पाण्यात इंजिन तापायचे, वाफ निघायची, आणि नामदेव, म्हणजे लाँचचा चालक, घाईने ते बंद करायचा. मग बांबूने रेटत, ओरडत, कसेबसे काठाला लागायचे. इंजिनाला पाणी पुरवणाऱ्या पंपातले रबरी चाक बदलून झाले, तरी दुखणे हटेना. शेवटी संस्थेने सांगून टाकले, आणखी एकदा बंद पडली तर लाँच कायमची काठावर ओढायची. दहावीतल्या सुमनचे वडील शाळेत आले आणि सरळ म्हणाले, "लाँच बंद तं शाळा बंद, बाई. पोरगी घरात बसवून काय करू? स्थळ आलंय, उरकून टाकतो."

त्या रविवारी मी सरांकडे गेले आणि पुढच्या रविवारी त्यांना घेऊनच धरणावर आले.

सरांनी हत्याराच्या पिशवीला हात लावण्याआधी सर्वांना काठावर बसवले. नामदेव होता, त्याची बायको यमुना होती, सुमन आणि आणखी चार मुली होत्या. सर शिकवू लागले. "इंजिनात डिझेल जळते, म्हणून ते तापते. रस्त्यावरच्या ट्रकला समोरून वारा मिळतो. लाँचच्या इंजिनाला वारा नाही, पण सबंध धरण आहे. मात्र धरणाचे पाणी आपण होऊन इंजिनात शिरत नाही. ते आत ओढायचे, तापलेल्या भागांभोवती फिरवायचे आणि बाहेर टाकायचे, हे काम कोणाचे?"

"पंपाचं," सुमन म्हणाली.

"शाब्बास. आता पंप ते कसे करतो?" सरांनी पंपाचे पितळी झाकण उघडले. आत रबराचे चाक होते, सहा पाकळ्यांचे. नामदेव त्याला 'फूल' म्हणायचा. सरांनी तो शब्द तेथल्या तेथे स्वीकारला. "हे पाहा. फुलाचे घर गोल आहे, पण एका बाजूने आत दाबलेले. पाकळी दाबलेल्या जागेत शिरली की वाकते. तेथून सुटली की ताठ होते आणि तिच्यामागची जागा मोठी होते. त्या जागेत पाणी ओढले जाते. पुन्हा वाकली की जागा लहान, पाणी पुढे ढकलले जाते. आता मला सांगा, या पाकळीचे घर्षण कमी कोण करते? तिला गार कोण ठेवते?"

यमुना हळूच म्हणाली, "पाणीच आसंल."

"पाणीच. जे वाहून न्यायचे त्याच्याच आधारावर ती जगते. पाणी नसेल तर ती घासून घासून करपेल."

मग त्यांनी जुने, काढून टाकलेले फूल मागितले. नामदेवने डब्यातून ते आणून दिले. सरांनी चष्मा वर केला. "हजेरी घेऊ. एक, दोन, तीन, चार. दोन गैरहजर. कुठे गेल्या?"

"तुटल्या, सर. पडल्या आसतील कुठंतरी."

"नामदेवराव, हा बंद पंप आहे. येथून पडायला वाट नाही, फक्त पुढे जायला वाट आहे. वर्गातून मूल नाहीसे झाले तर मास्तर 'पडले असेल कुठंतरी' म्हणेल का?"

मुली खुदकन हसल्या. नामदेव मात्र कान खाजवत पुढची नळी सोडवू लागला. पाणी इंजिनात शिरते त्या वळणात, तारेच्या आकड्याने ओढल्यावर, काळ्या रबराचे तुकडे निघाले. दोन हवे होते, निघाले मूठभर. "अरे वा," सर म्हणाले, "मागच्या वर्गांचे विद्यार्थीही येथेच लपलेत." फूल नवे असूनही इंजिन का तापत होते, ते सर्वांना एकदमच कळले. पाण्याची वाटच बुजलेली होती.

वाट मोकळी करून त्यांनी इंजिन लावले. धार जोरात पडली. यमुनाने हात जोडले, पण सरांचे समाधान झाले नव्हते. ते जुन्या फुलाची टोके बोटाने चाचपत होते. "ही करपलेली आहेत. हे कोरडे फिरले आहे. कधी फिरवले?"

नामदेव दुखावला. "कोरडं? आईची आण सर, लाँच पाण्यातच ऱ्हाती बाराही महिने."

"एकदाही वर काढत नाही?"

"दसऱ्याला तेवढी काढतो. पूजेला." आणि मग तो उत्साहाने सांगू लागला. "वर ओढतो, घासून धुतो, झेंडूचे हार घालतो, नारळ फोडतो, इंजिन लावतो आन् आरती करतो. देवीला आवाज गेला पायजे ना तिचा!"

"आरती संपेपर्यंत इंजिन चालू?"

"मंग! मधी बंद करत्यात व्हय?"

सरांनी करपलेले फूल खाली ठेवले. मला वाटले, आता ते ही प्रथा बंद करायला सांगतील. नामदेवलाही तीच भीती वाटली असावी, तो आधीच म्हणाला, "आरती अर्धी नाय सोडता येत सर. सांगून ठेवतो."

"अर्धी कोण सोडायला सांगतो? तुम्ही गाणाऱ्याला घसा ओला न करता गायला बसवता, एवढेच माझे म्हणणे. पूर्ण आरती करा. पाणी वाढवा."

पुढच्या दसऱ्याला सर स्वतः आले. काठावर एक पिंप ठेवले, पाणी ओढणारी नळी लाँचच्या तळापासून सोडवून त्यात बुडवली, आणि पंपातही तांब्याभर पाणी ओतले. एका पिंपात आरती पुरणार नाही हे उघड होते. म्हणून यमुनाने दोन्ही काठांच्या बायकांना हंडे घेऊन उभे केले. आरती सुरू झाली, इंजिन सुरू झाले, आणि हंडे या हातातून त्या हातात जात पिंपात रिकामे होऊ लागले. "माझा हंडा नवा हाय, पोचा पाडू नका!" असे यमुना आरतीच्या मध्येच ओरडली. लाँच कोरड्या जमिनीवर उभी राहून पाण्याची धार टाकत होती. सरांनी त्या धारेखाली हात धरला आणि आरती म्हणता म्हणता मान हलवली.

त्या दुरुस्तीनंतर लाँच पुन्हा बंद पडली नाही. सुमन त्याच मार्चमध्ये दहावी उत्तीर्ण झाली होती. ठरू घातलेले स्थळ तिने नाकारले, आणि नर्सिंग शिकायला नाशिकला गेली. सर दरवर्षी दसऱ्याला येत राहिले. गुडघे दुखू लागल्यावर काठावर खुर्चीत बसून राहत, पण धार पाहायला उठत. त्यांचे एक वाक्य मी माझ्या वर्गातही वापरते: "कारण न सांगता नियम दिला, तर तो माझ्याबरोबरच जाईल."

ते गेले ते श्रावणात. त्याच वर्षीच्या दसऱ्याला मी धरणावर गेले, काहीशा धाकधुकीने. संस्थेचे अध्यक्ष नवे होते आणि त्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचे होते. पिंप भरायला वेळ लागतो आहे हे पाहून ते म्हणाले, "अहो वहिनी, कलशातले चार थेंब शिंपडा आणि लावा इंजिन. पूजाच तर आहे."

यमुनाने डोक्यावरचा हंडा पिंपात ओतला. "शिंपडून नाय भागत, भाऊ. ती काय प्रसाद घेत नाय, ती पाणी पिती. कोरडी फिरली की फुलाच्या पाकळ्या करपत्यात, तुटत्यात, आन् पुढच्या वळणात जाऊन बसत्यात. मंग तिकडच्या पोरी शाळंत कशा येणार? थांबा जरा."

अध्यक्ष थांबले. इंजिन सुरू झाले. नामदेवने आरतीचे तबक पुढे केले, पण यमुनाने ते लगेच घेतले नाही. ती लाँचच्या कडेला गेली, वाकली, नळीखाली तळहात धरला, आणि धार नीट लागेपर्यंत तशीच उभी राहिली.

मग तिने पदराला हात पुसला आणि वळून सर्वांना नमस्कार केला.