सासऱ्यांच्या दारात बंद पडलेली गाडी

माझे सासरे मला आवडत नव्हते आणि मी त्यांना आवडत नव्हतो. दोघांनाही हे ठाऊक होतं, त्यामुळे त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं. धुळ्यात घराला लागूनच त्यांचं गॅरेज होतं. ट्रक, जीपा, जुन्या मोटारी यायच्या. माणूस कामात पक्का आणि तोंडाचा फटकळ. आम्ही बौद्ध, आणि त्यांच्या घराण्यात जातीबाहेर लग्न कुणी केलेलं नव्हतं. त्यांच्या मुलीनं माझ्याशी रजिस्टर लग्न केलं, तेव्हा त्यांनी घरात तिचं नाव काढायला बंदी केली. काही वर्षांनी ती बंदी सैल झाली. ती एकटी बसनं धुळ्याला जाऊन यायला लागली. मला कुणी बोलावलं नाही आणि मीही गेलो नाही.

मी जळगावला तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत असे. पिंप्राळ्यात आमचं लहानसं घर होतं, माझी आईही आमच्याजवळच असायची. नव्वदचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मी एक वापरलेली पेट्रोल गाडी घेतली. गाडी नव्या पद्धतीची होती. तिला कार्बोरेटर नव्हता. इंजिनाला किती पेट्रोल द्यायचं ते आतला छोटा कॉम्प्युटर ठरवायचा. जळगावातले मिस्त्री बॉनेट उघडून आत बघायचे आणि पुन्हा लावून टाकायचे.

त्या उन्हाळ्यात सासूबाईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी चुलीपासून, धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं. घरी आल्यावर दोन दिवसांतच त्या पुन्हा भाकरी थापायला बसल्या, कारण सासऱ्यांना दुसऱ्या कुणाच्या हातची भाकरी चालत नसे. त्यांनी शेजारच्या घरून फोन केला आणि बायकोला अहिराणीत म्हणाल्या, "माले ली जाय वं बाई. डोया बरा होवस्तवर ठेव." बायकोनं फोन ठेवला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "गाडी घेऊन जाऊ. आईला बसनं आणायचं नाही."

रविवारी सकाळी निघालो. एरंडोलपर्यंत ठीक होतं. पारोळ्याच्या पुढे गाडी झटके मारायला लागली. पाय दाबला की आधी पुढे उसळायची आणि मग एकदम मान टाकायची. कुठे हळू करावी तर इंजिन बंद. धुळ्यात शिरल्यावर तीनदा बंद पडली आणि चौथ्यांदा नेमकी सासऱ्यांच्या गॅरेजसमोर, रस्त्याच्या मधोमध.

ते दारात उभे होते. काळ्या फडक्यानं हात पुसत होते. मी उतरून गाडी ढकलायला लागलो. त्यांच्या दोन कारागिरांनी येऊन हात लावला. सासरे जागचे हलले नाहीत. मला ओलांडून मुलीला म्हणाले, "तुना साहेबनी गाडी बंद पडनी का?"

साहेब हा शब्द ते माझ्यासाठीच वापरायचे. नाव कधी घेतलं नाही, जावई कधी म्हणाले नाहीत. मीही त्यांना काही म्हणत नसे. बायको आबा म्हणायची. माझ्या तोंडून तो शब्द निघत नव्हता.

बॉनेट उघडलं. ते वाकले, बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "इन्हा कारबोरेटर कोठे शे?"

"नाही याला," मी म्हणालो.

"मंग पेट्रोल कोन देस? कलेक्टर?"

कारागीर हसले. सासऱ्यांनी प्लग काढून पुसले, पेट्रोलच्या नळीत फुंकर मारली, हवेच्या झडपेजवळचा एक स्क्रू पेचकसनं आत फिरवला. मी म्हणालो, "त्याला हात लावू नका, तो कंपनीनं बसवलेला असतो." त्यांनी वर न बघता अजून फिरवला. गाडी चालू केली तर इंजिन जोरात भणभणायला लागलं, पण बंद पडेना.

"झाली," ते म्हणाले. "घी जा तुमनी गाडी. पन ती येत नही." ती म्हणजे सासूबाई.

बायको आत गेली. आतून बराच वेळ बोलणं ऐकू येत होतं. शेवटी सासूबाई डोळ्यांवर हिरवा चष्मा आणि हातात कापडी पिशवी घेऊन बाहेर आल्या आणि मागच्या सीटवर बसल्या. मी गाडी काढली. कोपऱ्यावर वळायला हळू केली, पुन्हा पाय दाबला, आणि इंजिनानं एक गचका देऊन दम सोडला. पुन्हा चालूच होईना. ऊन मी म्हणत होतं. मागून सासरे चालत आले, घाई न करता. त्यांनी मागचं दार उघडलं, सासूबाईंचा हात धरला आणि त्यांना खाली उतरवलं.

"चाल घर. हाई गाडी तुले रस्तामा टाकी देवाले उनी."

मग पहिल्यांदा माझ्याकडे बघून बोलले. "बठ्ठं धुळं हसी राह्यनं साहेब. लोटा आते."

मी ती गाडी त्या कोपऱ्यावरून त्यांच्याच गॅरेजपाशी ढकलत आणली, कारण दुसरी जागा नव्हती. आयुष्यात इतका राग मला क्वचितच आला असेल. बायको म्हणाली, "मी आईजवळ थांबते. भाकरी मी करते, बघते कशी चालत नाही ती. तू गाडीचं बघ." मी बसनं एकटा जळगावला आलो.

आमच्या ऑटोमोबाइल विभागात एक प्राध्यापक होते. त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "हवेची झडप किती उघडली हे कॉम्प्युटरला सांगणारा एक सेन्सर असतो. थ्रॉटल पोझिशन सेन्सर. तो खोटं बोलत असेल." कागदावर आकृती काढून दाखवली तेव्हा मला हसू आलं. ती गोष्ट मी रोज वर्गात शिकवत होतो. रेडिओचा आवाज कमीजास्त करायचं बटण असतं ना, आत एक पट्टी आणि तिच्यावरून सरकणारा काटा. पट्टी झिजली की आवाज वाढवताना मध्येच खरखर होते. इथे तेच, फक्त आवाजाऐवजी पेट्रोल. पाय दाबला की मध्येच एका जागी सेन्सर मुका व्हायचा आणि कॉम्प्युटरला वाटायचं, पाय काढून घेतला.

सेन्सर जळगावात मिळाला नाही. नाशिकच्या दुकानदारानं तो बसच्या ड्रायव्हरकडे दिला, मी स्टँडवर जाऊन घेतला. पुढच्या रविवारी प्रयोगशाळेतला काट्याचा मीटर, पेचकस आणि सेन्सर पिशवीत घालून धुळ्याला गेलो.

गाडी मी ठेवली होती तिथे नव्हती. सासऱ्यांनी ती गटाराच्या कडेला, लिंबाच्या झाडाखाली लोटून ठेवली होती. टपावर कावळ्यांची शिट आणि काचेवर बोटानं काहीतरी लिहिलेलं. मी ते पुसलं, वाचलं नाही. बायको बाहेर आली. तिचा आवाज बसला होता. तिनं आठवडाभर स्वयंपाक केला होता आणि सासऱ्यांनी आठवडाभर तिच्या हातची भाकरी खाल्ली नव्हती. समोरच्या खानावळीत जेवत होते.

"आई अजून धुरात बसत नाही ना?"

"मी बसू देत नाही. पण रोज भांडण आहे."

मी तिला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं, किल्ली फिरवायला सांगितली आणि सेन्सरच्या मधल्या तारेत टाचणी टोचून मीटर जोडला. "पाय हळू दाब. अजून हळू." काटा सावकाश वर चढत होता. मध्यावर आला आणि धप्पकन शून्यावर पडला. पुढे पुन्हा उसळला. तिला तीनचार वेळा तसंच करायला लावलं. काटा दर वेळी त्याच जागी पडत होता.

सासरे खानावळीतून येऊन मागे उभे राहिले होते. "सुया टोचीसन इंजिन बरं होस का? डागदर शे का तू?"

मी बॅटरीची तार सोडवली, सेन्सरचा प्लग काढला. सेन्सर दोन स्क्रूंवर बसलेला होता. पहिला निघाला. दुसरा गंजून धरला होता. मी जोर लावला तसा पेचकस निसटला आणि स्क्रूच्या डोक्याची खाच गुळगुळीत झाली. पुन्हा लावला, पुन्हा निसटला. हाताला लागलं.

सासरे बघत होते. त्यांच्या कपाळाच्या शिरा ताठल्या होत्या. मी तिसऱ्यांदा पेचकस लावला तेव्हा त्यांच्यानं राहवलं नाही.

"सरक. स्क्रूना जीव ली राह्यना तू."

त्यांनी मला खांद्यानं बाजूला सारलं. लहान छिन्नी स्क्रूच्या कडेला तिरपी धरली आणि हातोडीनं उलट्या दिशेला हलके टोले दिले. टक, टक, टक. स्क्रू हलला. मग बोटांनीच फिरवून बाहेर काढला. क्षणभर हातावर धरला, आणि आपण काय केलं ते बहुतेक तेव्हाच त्यांच्या लक्षात आलं. त्यांनी तो स्क्रू गटारात फेकला.

एक कारागीर स्क्रूंचा डबा घेऊन आला. सासरे म्हणाले, "डबा जागावर ठेव." तो परत गेला.

मी एअर फिल्टरच्या झाकणाचा एक स्क्रू काढला. तो गटारात गेलेल्या स्क्रूच्या जागी बसला. जुन्या सेन्सरच्या जागी नवा लावला, झडपेच्या दांड्यात त्याची खाच नीट बसली की नाही ते पाहिलं. मग बॅटरी जोडून पुन्हा मीटर लावला. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत न अडखळता गेला.

राहिला होता सासऱ्यांनी फिरवलेला तो झडपेजवळचा स्क्रू. मी विचारलं, "किती आत घेतला होता?"

"देख तुना काट्यामा," ते म्हणाले.

मला ते बसवायला दुपार झाली. जरा मागे घेतला की इंजिन मरायचं, जरा पुढे की भणभणायचं. ते सावलीत खुर्ची टाकून बसले होते. सगळं बघत होते, आणि त्यांना ते पाच मिनिटांचं काम होतं हे मला कळत होतं. शेवटी इंजिन मऊ चाललं. मी रस्त्याच्या टोकापर्यंत जाऊन आलो, मुद्दाम हळू करून, मुद्दाम एकदम पाय दाबून. एकही झटका आला नाही.

गाडी दारात उभी केली आणि बायकोला म्हणालो, "आईंना बोलव."

सासरे उठले. "ती कोठेच जात नही."

"गाडी बंद पडते म्हणून नाही म्हणत होतात. आता पडत नाही."

"गाडीनं काय घी बठना तू? तुमना घर ती पानी कोनतं पिई?"

लग्नाला इतकी वर्षं झाली होती. इतक्या वर्षांत हे कुणी माझ्या तोंडावर बोललं नव्हतं. सगळे आडून बोलायचे. कारागिरांचे हात थांबले.

"नळाचं," मी म्हणालो. "तुमच्याकडे येतं तसंच. दिवसाआड."

ते माझ्या अंगावर आले नाहीत, पण तसं वाटलं. "तुनी हाफिसनी भाषा मना दारमा नको बोलू."

"मग कुठली बोलू? तुम्ही माझ्याशी कुठली भाषा बोललात आजवर?"

"आबा," बायको म्हणाली, "आईला विचारा ना एकदा. तिचा डोळा आहे."

"तिले काय इचारनं?"

सासूबाई उंबऱ्यातच उभ्या होत्या. त्या कधी आल्या ते मला दिसलं नव्हतं. पिशवी हातात होती. त्या नवऱ्याशी नेहमी खालच्या मानेनं बोलायच्या, असं मी ऐकून होतो. हिरव्या चष्म्यामुळे त्या दिवशी नजर कुठे होती ते कळलं नाही. म्हणाल्या, "माले जानं शे. मी जास."

"गयी तं परत येवानं नाव काढू नको."

"बरं," त्या म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

ते बाजूला झाले नाहीत. गाडीसमोरच उभे राहिले. मी इंजिन चालू केलं आणि थांबलो. हॉर्न वाजवला नाही. खूप वेळ गेल्यासारखं वाटलं. मग ते गॅरेजमध्ये गेले आणि आतून पत्र्यावर हातोड्याचा आवाज यायला लागला.

जळगावपर्यंत गाडी छान चालली. मला त्याचं फार सुख झालं नाही. हात दुखत होते आणि त्यांची वाक्यं डोक्यात पुन्हा पुन्हा येत होती. पारोळ्याजवळ सासूबाई लेकीला म्हणाल्या, "रातले तू भाकरी कर. मी निस्ती बसस." घरी आल्यावर खरंच नुसत्या बसल्या. माझी आई त्यांच्याजवळ बसली. दोघी तांदूळ निवडत बसल्या, आणि तांदूळ दिसत नाहीत म्हणून सासूबाई हसल्या.

डोळा बरा झाल्यावर सासरे स्वतः त्यांना न्यायला आले, बसनं. फाटकाबाहेर उभे राहिले. मी बाहेर खुर्ची नेऊन ठेवली. ते बसले नाहीत. माझी आई पदर सावरून फाटकापाशी गेली आणि म्हणाली, "भाऊ, आत या." त्यांनी तिच्याकडेही पाहिलं नाही, आणि त्याबद्दल मी त्यांना आजही माफ केलेलं नाही. सासूबाईंनी हातातला चहा सावकाश संपवला, कप स्वतः धुतला, माझ्या आईच्या हातावर हात ठेवला आणि बाहेर गेल्या. दोघं रिक्षानं स्टँडवर गेले. मी गाडीनं सोडतो म्हणालो नाही.

आमच्यात पुढे कधी चांगलं झालं नाही. ते वारले तेव्हा मी स्मशानात मागे उभा होतो. ती गाडी त्याआधीच चोपड्याच्या एका केळीवाल्याला विकून टाकली होती. सासूबाई मात्र त्या उन्हाळ्यानंतर दरवर्षी आमच्याकडे यायला लागल्या. नवऱ्याला विचारत नसत. एकट्या बसमध्ये बसायच्या, पिंप्राळ्याच्या थांब्यावर उतरून चालत यायच्या, आणि आल्या आल्या माझ्या आईला हाक मारायच्या.